कोणता डास, कुणाच्या घरचा?

जानेवारी २०१७ मध्ये जालना जिल्ह्यातल्या दावलवाडीत जाळीच्या पिंजऱ्यांत डास सोडून बघण्याच्या चाचण्या जाहीर झाल्या. डास साधे नव्हते. ऑक्सिटेक या ब्रिटिश कंपनीने डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती डासात बाहेरची जनुके बसवून ही जात तयार केली होती. कंपनीच्या वहीत तिचे नाव ओएक्स ५१३ ए. भारतातली भागीदार होती गंगाबिशन भिकूलाल इन्व्हेस्टमेंट अँड ट्रेडिंग. हे लांबलचक नाव विदर्भात कुणी ऐकलेले नसेल, पण तिचे घराणे इथल्या शेतकऱ्याला पाठ आहे. बद्रीनारायण बारवाले यांनी जालन्यात उभ्या केलेल्या महिकोचे ते घराणे. ज्या घराण्याच्या वाटेने २००२ साली बीटी कापूस आपल्या वावरात आला, त्याच घराण्याने जनुकीय डास पिंजऱ्यापर्यंत आणला.

पिंजऱ्याच्या बाहेर तो आला नाही. प्रयोगशाळेत परदेशी नर आणि देशी नर माद्यांसाठी जवळपास बरोबरीने झगडतात, असा दावलवाडीच्या संशोधकांचा निबंध २०१५ मध्येच प्रसिद्ध झाला होता. पिंजऱ्यातल्या चाचण्या ही पुढची पायरी. त्यानंतर कंपनीने जगभरातच ही जात मागे ठेवली, नवी जात पुढे आणली आणि दावलवाडीचा विषय वर्तमानपत्रांतून नाहीसा झाला. महाराष्ट्रात घडलेल्या या गोष्टीवर मराठीत जेमतेम चार बातम्या आल्या, आणि त्यांतल्या निम्म्या इंग्रजीवरून घेतलेल्या. पुढची पाने त्या उणिवेपोटी लिहिली गेली.

ती सावंगी (मेघे) इथे बसून का लिहावीत, हा प्रश्न रास्त आहे. सावंगी हे वर्ध्याला लागून असलेले गाव. १९९० मध्ये इथे जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले, आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय वाढत गेले, आणि गावाभोवती वसतिगृहे, भाड्याच्या खोल्या, खानावळी, औषधाची दुकाने यांचे दुसरेच गाव उठले. ग्रामपंचायतीच्या नाल्या जुन्या गावाच्या मापाच्या आणि वस्ती शहराची. सप्टेंबर-ऑक्टोबरात इथल्या रुग्णालयाच्या व्हरांड्यात उभे राहिले तर एकच प्रश्न कानावर येतो, "प्लेटलेट किती आले?" कुणी पपईच्या पानांचा रस घेऊन आलेला असतो, कुणी रक्तपेढीच्या रांगेत असतो. डेंग्यूवर नेमके औषध नाही; पाणी, सलाइन आणि लक्ष ठेवणे हाच उपचार. त्यामुळे डासालाच गाठण्याची कुठलीही नवी युक्ती निघाली की ती इथे कान टवकारून ऐकली जाते.

ऐकून झाल्यावर जे विचारले जाते, तेही ऐकण्यासारखे असते. "मच्छर मारायसाठी मच्छरच सोडतेत? काऊन बापा, कमी पडले काय?" हा पहिला प्रश्न. दुसरा जरा खोल जातो: "बीटीच्या वक्ती बी असंच सांगे ना, की अळी येत नाही म्हणून." पहिल्याचे उत्तर जीवशास्त्रात आहे, दुसऱ्याचे नाही. या पुस्तिकेतली बरीच पाने पहिल्यावर खर्च झाली आहेत. मला स्वतःला दुसरा जास्त महत्त्वाचा वाटतो.

आधी पहिला. नर डास चावत नाही. तो फुलांचा रस, झाडांचा गोड पाझर यांवर जगतो. रक्त लागते ते मादीला, अंड्यांसाठी. एडिसची मादी साधारणपणे आयुष्यात एकदाच संग करते आणि ते वीर्य जपून पुढे अंडी घालत राहते. म्हणजे तिला पहिला भेटलेला नर कुचकामी निघाला तर तिचा वंश तिथेच खुंटला. सगळी युक्ती या एका सवयीवर उभी आहे. कुचकामी नर इतक्या संख्येने सोडायचे की मादीला खरा नर भेटणेच दुर्मीळ व्हावे.

कुचकामी कसा करायचा, याची ऑक्सिटेकची रीत अशी. डासाच्या अंगात असे जनुक बसवायचे की ते चालू राहिले तर पेशीत एकच प्रथिन बेसुमार साचत जाते आणि अळी किंवा कोष असतानाच जीव जातो. मग असे डास कारखान्यात वाढवायचे तरी कसे? त्यासाठी टेट्रासायक्लिन. हे आपल्या ओळखीचे प्रतिजैविक पाण्यात असले तर ते जनुक गप्प बसते. कारखान्यातल्या ट्रेमध्ये टेट्रासायक्लिन घालून पिढ्यानपिढ्या डास वाढवता येतात. बाहेरच्या पाण्यात ते नसते, म्हणून बाहेर झालेली पिल्ले मरतात. सोबत एक चमकणारे जनुक जोडलेले असते. विशिष्ट प्रकाशात अळी लाल चमकली की ती कारखान्यातल्या बापाची, हे सूक्ष्मदर्शकाखाली कळते. नर-मादी वेगळे काढायला कोषांचा आकार कामी येतो. मादीचा कोष मोठा, नराचा लहान. चाळणीसारख्या साधनातून ते निवडले जातात. निवड शंभर टक्के बिनचूक नसते, थोड्या माद्या निसटतात. त्याचप्रमाणे टेट्रासायक्लिन नसतानाही शंभरातली तीन-चार पिल्ले जगतात. हे कंपनी लपवत नाही, पण जाहिरातीत ठळक अक्षरांत छापतही नाही.

याचा परिणाम होतो का? होतो. केमन बेटांवर २०१० मध्ये सुमारे ३३ लाख नर सोडले, तेव्हा त्या छोट्या पट्ट्यातले एडिस शेजारच्या भागाच्या तुलनेत ८० टक्क्यांनी घटले. ब्राझीलमध्ये जाकोबिना शहरात २०१३ ते २०१५ दरम्यान आठवड्याला साडेचार लाखांच्या आसपास नर सोडले गेले, तिथेही घट झाली. पण २०१९ मध्ये येल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवले की परदेशी जातीच्या जनुकसंचाचे तुकडे जाकोबिनाच्या स्थानिक डासांत मिसळले आहेत. म्हणजे काही पिल्ले जगली होती आणि त्यांना पुढे संतती झाली होती. त्या निबंधातल्या काही वाक्यांनी गरजेपेक्षा जास्त घबराट उडवली, कंपनीने आक्षेप घेतला आणि नियतकालिकाने नंतर त्याला चिंतेची टीप जोडली. मिसळलेल्या तुकड्यांनी कुणाला अपाय झाल्याचा पुरावा नाही. पण "एकही पिल्लू जगत नाही" या थाटात जे सांगितले जात होते, ते खरे नव्हते एवढे नक्की. अशा अर्धवट सांगण्यानेच सावंगीतला दुसरा प्रश्न जन्माला येतो.

आणखी एक गोष्ट कापूस पेरणाऱ्याला लगेच कळेल. हे नर सोडणे थांबवले की काही महिन्यांत आजूबाजूचे डास परत येतात. म्हणून दरवर्षी सोडायचे, म्हणजे दरवर्षी विकत घ्यायचे. ब्राझीलमध्ये आता नव्या जातीच्या अंड्यांचे डबेच बाजारात मिळतात. पाणी घातले की नर बाहेर पडतात, माद्या अळी असतानाच मरतात. मृगाच्या तोंडावर कृषी केंद्रात बियाण्याच्या पाकिटासाठी रांग लावणाऱ्या माणसाला हा व्यवहार समजावून सांगायची गरज नाही.

आता सावंगीतल्या डासाकडे येतो, कारण जनुकीय डासावरची बहुतेक चर्चा इथेच घसरते. "डास" नावाचा एक प्राणी आहे असे धरून आपण बोलतो. सावंगीत निदान तीन आहेत आणि तिघांचे पत्ते वेगवेगळे आहेत.

पहिला नालीतला क्युलेक्स. रात्री कानाशी गुणगुणतो तो हा. सांडपाण्याच्या साचलेल्या, शेवाळलेल्या पाण्यात तराफ्यासारखी अंडी घालतो. हत्तीरोग यानेच पसरतो. हत्तीरोगाचे जंतू दिवसा फुप्फुसांत दडून असतात आणि रात्री रक्तात उतरतात, म्हणून त्यांच्यासाठी रक्ताचा नमुनाही रात्रीच घ्यावा लागतो; पूर्व विदर्भात रात्री दारोदार फिरून बोट टोचणारे आरोग्यसेवक जुन्या माणसांना आठवतील. वर्धा जिल्हा हत्तीरोगाच्या पट्ट्यातला. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत या रोगाच्या निदानावर दशकानुदशके काम झाले, आणि तीन औषधे एकत्र देण्याची नवी पद्धत देशात ज्या पहिल्या पाच जिल्ह्यांत सुरू झाली त्यांत शेजारचे नागपूर होते.

दुसरा हिवतापाचा अ‍ॅनाफिलिस. तो आता मागे हटला आहे, पण त्याची आठवण या मातीत जुनी आहे. १९३६ साली सेगावात राहायला आलेल्या गांधीजींना पावसाळ्याच्या अखेरीस हिवतापाने गाठले आणि वर्ध्याच्या सरकारी दवाखान्यात हलवावे लागले. तेच सेगाव पुढे सेवाग्राम झाले.

तिसरा एडिस, पायावर पांढरे पट्टे असलेला. हा दिवसा चावतो, गुपचूप, घोट्याजवळ. नालीकडे तो फिरकत नाही. त्याला घरातले स्वच्छ पाणी हवे. विदर्भात त्याचे सर्वात आवडते ठिकाण एकच, कूलर.

मे महिन्यात वर्ध्यात पारा ४५ च्या वर जातो तेव्हा घरोघरी खिडकीला पत्र्याचा कूलर लागलेला असतो. बाहेर दगड तापलेला असतो आणि कूलरच्या टाकीतले पाणी मात्र माठासारखे गार. पंप ते पाणी वर नेऊन गवतावर सोडत राहतो, गवतातून गळणारे थेंब पुन्हा टाकीत. पंखा सुरू असेपर्यंत हालचाल चालू असते, तेव्हा फारसे काही होत नाही. खरा घोळ जूनअखेरीस होतो. पहिला पाऊस पडला की कूलर बंद होतो, पण तो काढून माळ्यावर चढवायला कुणाला वेळ नसतो. तळाशी दोन बोटे पाणी, त्यात कुजलेल्या गवताच्या काड्या, गंजाचा लाल गाळ. एखाद्या सकाळी बाजूची जाळी काढून टॉर्च मारला तर त्या पाण्यात धाग्याएवढ्या अळ्या वाकड्यातिकड्या उड्या मारत खाली बुडताना दिसतात. सावली पडली की सगळ्या एकदम तळाला, दोन मिनिटांनी पुन्हा वर, शेपटीची नळी पाण्याच्या पृष्ठभागाला टेकवून. पाणी ओतून दिले म्हणजे काम झाले असे वाटते. नाही. अंडी पाण्यात नसतात. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, पत्र्याला चिकटलेली असतात, बारीक काळी, पाहणाऱ्याला घाण वाटावी अशी. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. पुढच्या एप्रिलमध्ये टाकी भरली की पाणी लागताच फुटतात. म्हणून टाकीच्या कडा ब्रशने खरवडून घासायला सांगतात. आशाताई सांगतात, कोरडा दिवस पाळा म्हणून भोंग्यावरून सांगितले जाते, पण वसतिगृहाच्या खोलीतला कूलर कुणाचा, मुलांचा की घरमालकाचा, हे ठरलेले नसते. सुट्टीत मुले गावी जातात आणि टाकी भरलेली राहते.

हे सगळे सांगण्याचे कारण असे. उद्या सावंगीत जनुकीय एडिस नर सोडले आणि समजा केमनसारखे सगळे नीट जमले, तर गावातले एडिस ८० टक्क्यांनी कमी होतील. पण रात्री कानाशी गुणगुणणारा क्युलेक्स एकही कमी होणार नाही, कारण तो वेगळी जात आहे आणि एडिसचा नर त्याच्या वाटेला जात नाही. लोक डास मोजतात ते चावण्यावरून, तेही बहुतेक रात्रीच्या. सहा महिन्यांनी ग्रामसभेत कुणीतरी उठून म्हणेल की लाखो मच्छर सोडले आणि मच्छर तर तेवढेच आहेत. त्याचे म्हणणे त्याच्या अंगावरच्या पुरळाइतके खरे असेल. हे आधीच सांगून ठेवले नसेल, तर उत्तम विज्ञान गावात पहिल्याच वर्षी नापास होईल. माझ्या मते जनुकीय डासाचा सर्वात मोठा धोका जनुकात नाही. ज्या गावात तो सोडायचा त्या गावाला त्याच्याबद्दल काय सांगितले गेले, यात आहे. आणि भारताला हा धडा पन्नास वर्षांपूर्वी मिळालेला आहे.

तो प्रसंग या पुस्तिकेच्या वाचकाने नीट वाचावा. डास सोडून डास संपवण्याची कल्पना जनुक-अभियांत्रिकीपेक्षा जुनी. अमेरिकेत एडवर्ड निपलिंग यांनी किरणोत्सर्गाने वांझ केलेल्या माश्या सोडून गुरांच्या जखमेत अळ्या करणारी माशी १९५४ मध्ये क्युरासाव बेटावरून नाहीशी केली होती. १९६७ मध्ये ब्रह्मदेशात रंगूनजवळच्या ओकपो गावात हानेस लावेन या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या नालीतल्या क्युलेक्सवरच असा प्रयोग केला: परक्या प्रदेशातले नर आणले, त्यांच्यापासून स्थानिक मादीची अंडी फुटेनात, आणि गावातला डास काही महिन्यांत संपला. हत्तीरोगाच्या पट्ट्यात राहणाऱ्या आपल्याला ओकपो माहीत असायला हवे होते.

या यशामुळे १९७० च्या सुमारास जागतिक आरोग्य संघटना आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद यांनी दिल्लीत डासांच्या जनुकीय नियंत्रणाचा विभाग सुरू केला. पैसा अमेरिकेच्या सार्वजनिक आरोग्य सेवेचा होता, पीएल-४८० च्या रुपयांतला. ज्या करारातून आपल्याकडे लाल गहू आला तोच करार. दिल्लीभोवतीच्या खेड्यांत क्युलेक्सवर प्रयोग झाले. मग १९७५ च्या सुरुवातीला हरियाणातल्या सोनीपतमध्ये वांझ एडिस सोडायचे ठरले. त्याआधीच, १९७४ मध्ये, पीटीआयच्या बातम्यांनी वादळ उठवले. एडिस हा पीतज्वराचा डास. भारतात पीतज्वर नाही. मग अमेरिकी पैशाने नेमका याच डासाचा अभ्यास कशाला? ही जैविक युद्धाची तयारी तर नव्हे? ज्योतिर्मय बसू यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदेच्या लोकलेखा समितीने एप्रिल १९७५ मध्ये आपल्या १६७ व्या अहवालात हे प्रश्न अधिकृतपणे विचारले. सोनीपतचा प्रयोग रद्द झाला, विभागही आटोपला. त्याच अहवालाच्या तडाख्यात मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी आणि सलीम अली यांचा स्थलांतरित पक्ष्यांना कडी घालण्याचा प्रकल्पही सापडला, कारण त्यालाही अमेरिकी लष्कराच्या एका संस्थेकडून पैसे मिळत होते.

जैविक युद्धाचा आरोप सिद्ध करणारे काहीही पुढे आले नाही. आरोप करणाऱ्यांनी अतिशयोक्ती केली, असे माझे मत आहे. पण काही प्रश्न अगदी सरळ होते. पैसा कुणाचा, माहिती कुठे जाते, गाव कुणी निवडले? त्यांची उत्तरे कुणी वेळेत दिली असती तर त्यांत लपवण्यासारखे बहुधा काही नव्हते. ती दिली गेली ती समितीने खडसावल्यावर. डेंग्यू तेव्हा आजच्याइतका माजलेला नव्हता. सोनीपतमध्ये काही शिकायला मिळाले असते तर पुढे ते उपयोगी पडले असते. गमावले ते आपणच, आणि दोन्ही बाजूंनी मिळून.

कापसाची गोष्ट याच्याशी जोडून वाचावी लागते. दावलवाडीत पिंजरे लागले त्याच २०१७ च्या हंगामात विदर्भात गुलाबी बोंडअळीने बीटी कापसाची बोंडे आतून पोखरून टाकली. पण उघड्या शेतात सोडलेल्या पहिल्या जनुकीय कीटकांत याच गुलाबी बोंडअळीचा पतंग होता, हे इथे फारसे कुणाला ठाऊक नाही. २००६ पासून अमेरिकेतल्या अ‍ॅरिझोनात ऑक्सिटेकने चमकणारे जनुक बसवलेले, वर किरणांनी वांझ केलेले पतंग चाचणीसाठी सोडले गेले. तिथली मुख्य मोहीम साध्या वांझ पतंगांची होती. आठवड्याला लाखोंनी विमानातून सोडलेले ते पतंग ओळखू यावेत म्हणून त्यांच्या खाद्यात लाल रंग घातलेला असे. त्याच्या जोडीला बीटी कापूस, कामगंध सापळे, हंगाम संपला की पऱ्हाट्या वेळेत गाडणे, आणि सीमेपलीकडच्या मेक्सिकोतही तोच कार्यक्रम. २०१८ मध्ये अमेरिकेने आपला कापूस गुलाबी बोंडअळीमुक्त झाल्याचे जाहीर केले.

तीच अळी, तेच बीटी जनुक. तिकडे अळी गेली, इकडे अळीच बीटीला पुरून उरली. आपल्याकडे पाकिटासोबत येणारे साध्या कापसाचे बियाणे बांधावर पेरायचे राहून गेले, फरदड घेतली गेली, पऱ्हाट्या उन्हाळाभर उभ्या राहिल्या. दोष एकट्या शेतकऱ्याचा नाही. त्याला "अळी येत नाही" एवढेच सांगून पाकीट विकले गेले होते. म्हणूनच सावंगीतला दुसरा प्रश्न अडाणीपणाचा नाही, अनुभवाचा आहे.

याच शेतीशी जोडलेली एक स्थानिक अडचण आहे, आणि ती जालन्यातल्या किंवा ब्रिटनमधल्या माणसाला सहज सुचणार नाही. टेट्रासायक्लिन हा या डासाचा उतारा. अमेरिकेत फ्लोरिडात २०२० मध्ये नव्या जातीला परवानगी देताना तिथल्या पर्यावरण संस्थेने अट घातली की सांडपाणी प्रक्रिया केंद्रे, गुरे-कोंबड्यांचे व्यापारी गोठे आणि संत्रावर्गीय बागा यांच्यापासून ५०० मीटरच्या आत डास सोडायचे नाहीत, कारण तिथे टेट्रासायक्लिन असू शकते. संत्र्याच्या बागा! आर्वी-कारंजा भागातल्या वाचकाला वेगळे सांगायला नको. शिवाय आपल्या कृषी केंद्रांत वर्षानुवर्षे मिळत आलेल्या स्ट्रेप्टोसायक्लिनच्या छोट्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिनबरोबर दहावा हिस्सा टेट्रासायक्लिन असे, आणि कपाशीच्या करप्यापासून लिंबाच्या खैऱ्या रोगापर्यंत ती सर्रास ड्रममध्ये विरघळत आली. कूलरच्या टाकीत ती जाणार नाही. पण फवारणीचे पाणी कालवलेला, पावसाने पुन्हा भरलेला ड्रम घराच्या मागे पडून असतोच. त्यात उरणारे औषध अळी जगवण्याइतके असते का? हा प्रयोग अवघड नाही, वर्ध्यातल्या कुठल्याही चांगल्या प्रयोगशाळेत होण्यासारखा आहे, आणि डास सोडण्याचा विचार करण्यापूर्वीच व्हायला हवा.

जनुकाला हात न लावणारा एक मार्गही आहे. वोल्बाकिया हा जिवाणू एडिसमध्ये घातला की त्याच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही, आणि माद्यांमार्फत तो जिवाणू पुढच्या पिढ्यांत आपोआप पसरतो, म्हणजे दरवर्षीचे पाकीट नाही. इंडोनेशियातल्या योग्यकार्तात याने डेंग्यू ७७ टक्क्यांनी घटला, हे २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या व्हेक्टर कंट्रोल रिसर्च सेंटरने ऑस्ट्रेलियातून अंडी आणून भारतीय एडिसमध्ये असे दोन वंश तयार केल्याचे २०२२ मध्ये जाहीर केले. मला हा मार्ग जास्त पटतो. पण वर्ध्याचा उन्हाळा इथेही आडवा येतो: योग्यकार्तात वापरलेला वंश कडक उष्णतेत अळीच्या अंगातून कमी होत जातो. दुसरा जास्त तग धरतो. कूलरच्या गार टाकीत पहिलाही टिकेल कदाचित. गच्चीवरच्या काळ्या टाकीत शंका आहे.

राहिला गावाला विचारण्याचा मुद्दा. आपल्याकडे जनुकीय सजीवांचे नियम १९८९ चे आहेत. त्यांत केंद्रात समिती, राज्यात समिती आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती सांगितली आहे. ग्रामसभा त्या साखळीत नाही. फ्लोरिडात नोव्हेंबर २०१६ मध्ये डास सोडण्यावर चक्क मतदान झाले: संपूर्ण काउंटीने होकार दिला, पण ज्या की हेवन वस्तीत ते सोडायचे होते तिने नकार दिला. नकार मानला गेला, जागा बदलली, आणि २०२१ मध्ये डास दुसऱ्या बेटांवर सोडले गेले. त्याने विज्ञानाचे काही बिघडले नाही. सावंगीच्या ग्रामसभेत असा ठराव कधी आला तर त्यासोबत निदान इतके कागद मराठीत ठेवायला हवेत: गावात कुठल्या जातीचे डास किती, कुठल्या महिन्यात, कुठल्या भांड्यात, सोडले तर कोणता कमी होईल आणि कोणता होणार नाही, दरवर्षीचा खर्च कुणाचा, आणि थांबवायचे ठरले तर कुणाच्या सहीने थांबेल. पहिला कागद आजही तयार करता येईल. कंटेनर सर्वेक्षण हिवताप विभाग करतोच. त्यात जातवार नोंद आणि वसतिगृहांचे कूलर यांची भर पडली तर पुरे.

पुढची पाने क्रमाने वाचलीच पाहिजेत असे नाही. जनुके आणि प्रथिने यांचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी दुसरे प्रकरण सोडून द्यावे. त्यातले आवश्यक तेवढे वर आले आहे. विद्यार्थ्यांनी मात्र ते आधी वाचावे आणि जाकोबिनाचा वाद दोन्ही बाजूंनी मांडून पाहावा, परीक्षेसाठी नव्हे तर उद्या त्यांनाच कुणाच्या ओसरीवर बसून हे समजावून सांगावे लागेल म्हणून. सोनीपतचे प्रकरण सर्वात लांब आहे आणि मुद्दाम तसे ठेवले आहे. शेवटी अळ्या ओळखण्याची चित्रे दिली आहेत. अ‍ॅनाफिलिसची अळी पाण्याला समांतर आडवी राहते, एडिस आणि क्युलेक्सची डोके खाली करून लटकते, आणि या दोघांत फरक करायला शेपटीची नळी पाहावी: एडिसची आखूड, क्युलेक्सची लांब. पांढऱ्या वाटीत पाणी घेऊन उन्हात धरले तर भिंगाशिवायही दिसते.